उरलेलं पान ७ वर

आमचं घर जुनं आहे, किती जुनं ते कोणालाच धड माहीत नाही, आप्पांना विचारलं तर ते म्हणतात "माझ्या आधीपासून आहे" आणि विषय संपतो. दीड हात जाडीच्या विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर लाकडी फळ्या, त्याच्यावर माळा आणि त्याच्यावर उतरतं छप्पर. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, वा, जुनी घरं कशी उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार असतात नाही! हे म्हणणारा माणूस आजवर एकदाही मुक्कामाला थांबलेला नाही.

खरी परिस्थिती अशी की जाड भिंत दिवसभर ऊन शांतपणे पिऊन घेते, हूं की चूं करत नाही, आणि आठ-दहा तासांनी, म्हणजे नेमके आपण दिवा घालवून आडवे झालो की, सगळं व्याजासकट परत करते. थंडीत उलटा तमाशा. हीटर आम्ही लावतो, बिल आम्ही भरतो आणि ऊब फळ्यांच्या फटीतून वर जाऊन माळ्यावरच्या पालीला मिळते. ती पाल इतकी टुणटुणीत आहे की विचारू नका.

तरी आम्ही सोसत होतो, पण धाकट्या भावाने नवीन घर बांधलं आणि शांतता संपली. त्याच्या बिल्डरने गच्चीवर, भिंतीत, सगळीकडे इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, घातलंय. गेलो की तो आधी सोफ्यावर बसवतो आणि मग सांगतो, "दादा, गच्चीवर नुसता ५ सेंटीमीटर थर्माकोल टाकलाय, तेवढंच काम काँक्रीटने करायचं तर दोन मीटर जाड स्लॅब लागला असता." हे वाक्य मी चार वेळा ऐकलं. चौथ्यांदा ऐकून घरी येताना ही म्हणाली, "अहो, आपणही करून घेऊ या ना काहीतरी." आणि मी म्हणालो, त्यात काय, मीच करतो.

इथे एक छोटा पण वेदनादायी अध्याय आहे तो पटकन उरकतो. मी व्हिडिओ बघून ग्लासवूलचा रोल आणला आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून माळ्यावर चढलो. ग्लासवूल म्हणजे काच हो, खरीखुरी काच, वितळवून तिचे केसाहून बारीक धागे काढलेले, दिसायला कापूस आणि वागायला कुसळ. ती खाज म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, ते धागे खरोखर टोचत असतात, त्यामुळे मी कडकडीत पाण्याने खसाखसा अंग चोळलं तेव्हा ते आणखी आत गेले. गार पाणी नुसतं ओतायचं असतं आणि चिकटपट्टी लावून ओढायची असते हे नंतर कळलं. मग हिने माझ्या पाठीचं पार्सल केलं आणि एकेक पट्टी ओढताना "मी काहीतरी करून घेऊ म्हणाले होते, तुम्ही करा असं म्हणाले नव्हते" हे वाक्य तुकड्या-तुकड्यात सांगितलं. बरं, एवढं सोसून फायदा जेमतेम अर्धा, कारण १५ सेंटीमीटरचा थर मी ७ सेंटीमीटरच्या खाचेत पायाने दाबून बसवला होता, मला वाटलं पोतं जितकं ठासून भरावं तितकं चांगलं. पण तिथे काम काच करतच नसते, काचेत अडकून पडलेली हवा करते. मी लाथा घालून तीच बाहेर काढली होती.

मग ते सगळं काढून टाकलं आणि सर्व्हिसवाले बोलावले.

पहिला आला तो फोमवाला. त्याने भिंतीवर टकटक केलं, डॉक्टर पाठीवर करतात तसं, आणि म्हणाला, "सर, घर जुनं असो नवं असो, उपाय एकच." त्याच्याकडे फोम, म्हणजे फुगून घट्ट बसणारा फेस, मारायची एक गन होती आणि त्याला जगातली प्रत्येक वस्तू फोम मारायची राहिलेली दिसत होती. छप्पर, भिंती, जिना. आप्पा खुर्चीत बसले होते त्यांच्याकडेही त्याने क्षणभर मापात घेतल्यासारखं बघितलं. दुसरा होता रंगवाला, छपराला पांढरा रंग मारला की ऊन परत जातं म्हणाला, आणि ते खरंही आहे, पण मी विचारलं थंडीतही फायदा होईल का, तर "थंडीतही होईल सर" म्हणाला. थंडीत ते बिचारं कोवळं ऊन हवं असतं हो आम्हाला, ते कशाला परत पाठवायचं? पण या दोघांचं कोटेशन मात्र एकदम तयार, घर बघण्याआधीच छापून आणलेलं.

तिसऱ्या एक बाई आल्या. त्यांनी काही विकायच्या आधी सांगितलं, पहाटे साडेपाचला येते. म्हटलं का हो? तर म्हणे कॅमेऱ्यात नीट दिसायला आत-बाहेर निदान दहा अंशांचा फरक लागतो आणि भिंतीवर ऊन पडलेलं चालत नाही. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत पहाटे आम्ही सगळे स्वेटर-मफलर घालून आपल्याच घरात पाहुण्यांसारखे उभे, आणि बाई उष्णता रंगात दाखवणारा थर्मल कॅमेरा घेऊन फिरतायत. पडद्यावर आमचं घर निळं, म्हणजे थंड. निळ्यात जांभळ्या रेघा, म्हणजे फटी. मध्येच आप्पा किंचाळले, कारण खिडकीच्या काचेत एक केशरी आकृती उभी होती. बाई म्हणाल्या, "आजोबा, मीच आहे ती. या कॅमेऱ्याला काचेतून आरपार दिसत नाही, काच आरशासारखी आपलीच उष्णता परत दाखवते." आप्पांनी मान हलवली पण त्या खिडकीकडे पाठ करून बसले नाहीत ते नाहीतच.

नंतर त्यांनी पुढच्या दाराच्या चौकटीत एक कापडी पडदा ताणून बसवला, त्यात हा एवढा मोठा पंखा, आणि बाकी दारं-खिडक्या घट्ट लावून तो सुरू केला. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, दाबाचा फरक ५० पास्कल करतात, म्हणजे ताशी तीसएक किलोमीटरचा वारा घरावर सगळ्या बाजूंनी एकदम आल्यासारखं, आणि मग बाहेरची हवा जिथून वाट मिळेल तिथून आत घुसते. आमच्या घराने तोंडच उघडलं! स्विचबोर्ड शिट्ट्या घालायला लागले, चौकटी सुस्कारे सोडायला लागल्या, माळ्याच्या झाकणाच्या कडेने वीस वर्षांची धूळ भुरूभुरू खाली आली. बाईंनी आकडेमोड करून सांगितलं की सगळ्या फटी एकत्र केल्या तर एक अख्खी खिडकी कायमची सताड उघडी ठेवल्यासारखं आहे. आणि मी रोज रात्री उठून खिडक्यांच्या कड्या तपासायचो.

मी म्हटलं मग भिंतींना फोम मारू या का? त्यांनी असं बघितलं की मी हात खिशात घातले. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, तिला आतून प्लास्टिकसारखं लिंपून टाकलं तर पाणी आतच कोंडतं आणि भिंतीत घुसलेली तुळयांची टोकं कुजतात. आधी माळा, मग फटी, भिंती सगळ्यात शेवटी आणि गरज पडलीच तर. हे मला फार पटलं, अर्धं कारण यात खर्च कमी होता.

आता मुख्य भानगड. माळा रिकामा करायचा होता, आणि माळ्यावर आप्पांचे पेपर होते. बावीस वर्षांचे. महिन्यावार, सुतळीने बांधलेले, कधीतरी निवांत वाचायचेत म्हणून ठेवलेले. मी टेम्पो बोलावला तेव्हा आप्पा म्हणाले, "या पेपरांनीच घर उबदार ठेवलंय." मी नेहमीसारखा हसलो आणि एकेक गठ्ठा खाली टाकायला लागलो. टेम्पो गेला, आप्पा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

संध्याकाळी बाईंनी रिपोर्ट पाठवला. त्यात आमच्या छताचा फोटो, सगळं निळंशार आणि एका कोपऱ्यात पिवळा उबदार चौकोन. खाली लिहिलेलं: या भागाच्या वर माळ्यावर कागदाचे गठ्ठे आहेत. घरात इन्सुलेशन असलेली ही एकमेव जागा.

मी रिपोर्ट आप्पांना दाखवला नाही. हिने दाखवला.

त्याहून वाईट पुढे होतं. बाईंना फोन करून विचारलं की माळ्यावर आता काय घालणार, तर म्हणाल्या सेल्युलोज. म्हटलं ते कशाचं असतं? म्हणाल्या, "रद्दी पेपरचं." फोन स्पीकरवर होता. त्या बिचाऱ्या समजावत होत्या, की ऐंशी टक्क्यांहून जास्त कागदच असतो पण तो पिंजून त्यात बोरॅक्ससारखे क्षार घालतात म्हणजे आग सहजी धरत नाही, किडे लागत नाहीत, आणि गठ्ठे एका कोपऱ्यात ठेवून उपयोग नसतो, पूर्ण माळ्यावर सारखा थर पाहिजे. सगळं बरोबर होतं. पण आप्पा दारात उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या पिवळ्या चौकोनाचा प्रकाश पडला होता. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "माझे पेपर तू वजनावर विकलेस, आणि आता दुसऱ्याचे पेपर विकत आणणार."

याच आठवड्यात धाकट्याचा फोन आला, आवाज पडलेला. त्याच्या कपाटामागे काळी बुरशी. घर इतकं घट्ट बांधलंय की वाफ बाहेर जायलाच वाट नाही, आणि चार माणसं श्वास, आंघोळ, धुणं, स्वयंपाक मिळून दिवसाला दहाएक लिटर पाणी हवेत सोडतात म्हणे. खोलीत २० अंश आणि ६० टक्के दमटपणा असला की १२ अंशांची भिंत भेटली रे भेटली की तिथे घाम फुटतो, आणि त्याच्या बिल्डरने सगळीकडे थर्माकोल घातला पण कोपऱ्यातले काँक्रीटचे कॉलम तसेच थंडगार उघडे सोडले. आता भिंतीला भोकं पाडून हवा खेळवायचं मशीन बसवतायत, ते जाणाऱ्या हवेतली उष्णता काढून येणाऱ्या हवेला देतं. मी म्हटलं अरे भोकंच हवी होती तर आमच्याकडून घेऊन जायचीस, भरपूर होती. तो हसला नाही. मला मात्र दोन दिवस छान झोप लागली, खोटं कशाला बोलू.

कामाच्या दिवशी खाली अंगणात मशीन, त्यात पोती रिकामी करतायत आणि जाड पाइपमधून वर राखाडी पिंजलेला कागद फुर्रर्र उडतोय. आधी त्यांनी फटी बुजवल्या, मग ३० सेंटीमीटरचा थर, ठिकठिकाणी कागदी फूटपट्ट्या ठोकलेल्या, वर थोडं जास्तच घातलं कारण काही महिन्यांत ते बसतं म्हणे. झाकणालाही वरून जाड पाटी आणि कडेने रबर. बाई जाताना बजावून गेल्या, हे झाकण शक्यतो उघडू नका, सगळी मेहनत तिथूनच निघून जाते.

फरक आहे, नाही म्हणत नाही. हीटर लवकर बंद होतो. पाल खाली राहायला आली.

फक्त एक झालं. त्या दिवशी जिन्यावर उडालेला कचरा झाडताना आप्पांना एक कपटा सापडला, नखाएवढा, बाकी सगळं पिंजलेलं पण हा कसा कोण जाणे मशीनमधून वाचलेला. चष्मा लावून त्यांनी वाचला: '...असे त्यांनी या वेळी सांगितले. (उरलेलं पान ७ वर)'.

"कोणी सांगितलं? काय सांगितलं?" आप्पांनी मला विचारलं, जणू मीच ते कापून टाकलं होतं.

तेव्हापासून रोज दुपारी शिडी लागते, झाकण उघडतं, आणि आप्पा विजेरी घेऊन कमरेपर्यंत माळ्यात. खालून ही ओरडते, "आप्पा, झाकण लावा, ऊब जातेय!" आणि वरून, कापसात बोलल्यासारखा आवाज येतो, "आलोच, पान सात सापडलं की."