‘राजीनामा दिला तरच हिशोब’ हे साफ खोटं आहे

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कंपनी नोकरकपात करत असेल तर मुकाट राजीनामा द्या, नाहीतर पीएफ-ग्रॅच्युइटी अडकेल. काँट्रॅक्टवाल्यांना हक्कच नसतो. एक्झिक्युटिव्हला कामगार कायदा लागू नाही.’ माणसं घाबरून तो पुढे पाठवतायत.

सगळ्यात घातक सल्ला राजीनाम्याचा. माझ्या शेजाऱ्याला एचआरने केबिनमध्ये बोलावलं. कागद आधीच टाइप केलेला, ‘वैयक्तिक कारणास्तव’, त्यावर पेन टोपण काढून ठेवलेलं. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. स्वतःहून दिलेला राजीनामा मात्र कपातीत धरत नाहीत. शेजाऱ्याचा पगार २६ हजार, नोकरी नऊ वर्षं. म्हणजे भरपाईचे ढोबळमानाने १ लाख १७ हजार आणि नोटिशीचे २६ हजार त्या एका सहीत गेले असते.

पीएफ तुमच्या नावच्या खात्यात असतो, एचआरच्या टेबलाच्या खणात नाही. ग्रॅच्युइटीही पाच वर्षं भरली असतील तर राजीनामा असो वा कपात, तीस दिवसांत द्यावीच लागते.

काँट्रॅक्टवाल्यांना हक्क नसते तर सात महिने होत आले की कामात मुद्दाम ब्रेक कशाला दिला असता? वर्षात २४० दिवस भरले की सेवा वर्षभर सलग धरली जाते, म्हणूनच ना! ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीला भरावा लागतो, हेही कायद्यातच आहे.

राहिला एक्झिक्युटिव्ह. कार्डावरचा हुद्दा नाही, दिवसभर प्रत्यक्ष काय काम करता ते बघतात. मशीनवर उभा राहणारा एक्झिक्युटिव्ह कामगारच. जो खरोखर मॅनेजर आहे त्याला ही भरपाई लागू नाही. त्याने नेमणूकपत्रातल्या नोटिशीच्या अटी काढून बघाव्यात.

शेजाऱ्याने सही केली नाही. ‘कपात करायची तर तसं लेखी द्या,’ एवढंच म्हणाला, घरी येऊन तेच ईमेलने कंपनीला कळवलं आणि प्रत नाशिकच्या कामगार उपायुक्तांना पाठवली. ज्यांच्याकडून दबावाने सही घेतली गेली असेल, त्यांनीही आजच्या आज तसं लेखी कळवा.