समलंब चौकोनाच्या कोनांबद्दल खुलासा
‘समलंब चौकोनाचे संमुख कोन नेहमी पूरक असतात’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. (समलंब चौकोन म्हणजे संमुख, म्हणजे समोरासमोरच्या, बाजूंची एकच जोडी समांतर असलेला चौकोन; पूरक कोन म्हणजे बेरीज १८०° असलेले दोन कोन.)

अबकड चौकोनात अब आणि डक समांतर माना. बाजू अड ही त्यांची छेदिका, म्हणजे दोन्हींना छेदणारी रेषा, म्हणून तिच्या दोन टोकांचे, म्हणजे अ आणि ड हे आंतरकोन मिळून १८०° होतात. तसेच ब आणि क. पूरक असतात ते हे, असमांतर बाजूच्या टोकांचे लगतचे कोन.

आता अ आणि ड प्रत्येकी ९०°, ब ६०°, क १२०° घ्या. संमुख अ आणि क यांची बेरीज २१०° येते! समद्विभुज समलंब चौकोनात (ज्याच्या असमांतर बाजू समान लांबीच्या असतात) मात्र संमुख कोन खरेच पूरक असतात. गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा.

परीक्षेत यावरून हकनाक गुण जातात. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, ग्रुपवर टाकला असेल तर काढून टाका.