मीटर म्हणतो, सगळं मस्त

वीज गेली की कॉम्प्युटर बॅटरीवर चालू ठेवणाऱ्या आमच्या यूपीएसला रात्री दोन वाजता कंठ फुटला. दर काही सेकंदांनी एक 'पीं'. माझ्या घोरण्याला शिट्टी फुटली, असं समजून बायकोने दोनदा मला कुशीवर वळवलं. मग ती बाहेर जाऊन ऐकून आली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही नाही. तुमचा तो डबा."

सकाळी डबा उघडला. आतल्या दोन्ही बॅटऱ्या चार वर्षं उकाड्यात चार्ज होऊन होऊन फुगल्या होत्या. लग्नातला सूट दहा वर्षांनी घातलेल्या माणसासारख्या त्या आत अडकल्या होत्या. हलवून झालं, उलटं करून झालं, शेवटी पत्राच वाकवला.

पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरचे दोन नग आणले. जुन्या मोडीत दिल्या. "रात्रभर चार्ज करा काका," दुकानदार म्हणाला. 'काका' बिलात धरलं नव्हतं, तेवढंच समाधान.

एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला, म्हणजे चोवीस व्होल्ट. शेवटची क्लिप लावताना 'चट्' करून ठिणगी उडाली. आतला कपॅसिटर भरताना असं होतं, हे मला माहीत होतं. माझ्या हाताला माहीत नव्हतं. तो थेट टेबलाखाली आपटला.

रात्रभर चार्ज केलं. सकाळी सगळ्यांना बोलावून ऐटीत यूपीएसचा प्लग भिंतीतून काढला. कॉम्प्युटर गेला, यूपीएस गेला आणि माझी अब्रू गेली. जाताना एक 'पीं' तेवढं ऐकू आलं.

मग संशयितांची धरपकड. फ्यूज पाहिला, शाबूत. लोड जास्त होत असेल म्हणून मॉनिटरचा प्लग काढून भिंतीत खोचला. बटण दहा-दहा सेकंद दाबून धरलं. अगरबत्ती तेवढी ओवाळायची राहिली. अखेर इंजिनिअरिंगला असलेला भाचा मल्टिमीटर घेऊन आला. एक बॅटरी 12.8, दुसरी 12.8, मिळून 25.6. भरलेल्या बॅटरीने दाखवायचा तोच आकडा. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "मग माल चांगलाच आहे की!"

"मामा, आता हिला काम सांगून मोजू," भाचा म्हणाला आणि त्याने यूपीएसला शंभराचा बल्ब जोडला. भिंतीतला प्लग काढताच बल्ब लुकलुकला आणि विझला. त्या क्षणात बॅटरीच्या पात्यांवर, म्हणजे क्लिपा बसतात त्या पत्र्याच्या टोकांवर, मीटर 25 दाखवत होता, क्लिपपुढच्या तारेवर मात्र जेमतेम 9. बॅटरी देत होती, पण वाटेत कुणीतरी खात होतं!

मीटर बॅटरीकडे करंट जवळजवळ मागतच नाही. लग्नात भेटलेला नातेवाईक "काय, कसं काय?" विचारतो आणि आपण "मस्त!" म्हणतो, तसलीच ती पहिली मोजणी. त्यानेच "जरा कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचंय" म्हटलं की आपल्याला कंबर आठवते.

दोषी निघाल्या क्लिपा. याच बॅटरीची पाती दोन मापांत येतात, 4.75 मिलिमीटर आणि 6.35 मिलिमीटर. जुन्या बॅटऱ्यांची रुंद होती, नव्यांची अरुंद. थोरल्याची चप्पल धाकट्याने घालावी तशी क्लिप पात्यावर नुसती टेकली होती. बसलेली दिसायची, धरत नव्हती. दोन दिवस मी बॅटऱ्यांना शिव्या घातल्या, त्यांची मनोमन माफी मागितली. पुन्हा तपकीर गल्ली, चार अरुंद क्लिपा, तारांवर पकडीने घट्ट दाबल्या. बल्ब पेटला, तो पेटलेलाच राहिला. बायकोनेसुद्धा "बरं झालं" म्हटलं. आमच्याकडे हा पुरस्कार फार जणांना मिळत नाही.

गुरुवार उजाडला. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज आणि पाणी दोघंही बहुधा याच दिवशी उपास धरतात. साडेदहाला पंखा थांबला. यूपीएसने शांतपणे एकच 'पीं' केलं आणि कॉम्प्युटर अखंड घरघरत राहिला. मी विजयी मुद्रेने खुर्ची पुढे ओढली.

समोर मिट्ट काळोख. मॉनिटरचा प्लग अजून भिंतीतच होता.