ठाण्याचा मे महिना आणि दोन अंश

घोडबंदर रोडवरच्या ताईच्या सोसायटीत परवा वाद झाला. माझ्या सात वर्षांच्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. ताईने मागितलं काय, तर आठवड्यातून दोन दुपारी, पूल रिकामा असतो तेव्हा, फिजिओथेरपिस्टबरोबर अर्धा तास. समितीतले एक काका म्हणाले, "अशा सोयी परदेशात असतात." बाकीच्यांनी माना डोलावल्या, विषय संपला. रात्री ताईचा फोन. "असतात का गं खरंच?"

असतात, पण काकांना वाटतं तशा नाहीत. इथे बर्मिंगहॅमला शेजारणीच्या लेकीसोबत, तिलाही हाच त्रास, मी थेरपीच्या तलावावर जाते. नंबर लागायला कित्येक महिने गेले, आणि मोजके तास झाले की पुन्हा रांग. गॅस महागल्यापासून तलाव तापवणंच कसं परवडणार, ही रड.

पण पाण्यात काय होतं ते मात्र बघण्यासारखं आहे. जमिनीवर तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, टाचा टेकत नाहीत. ३३ ते ३५ अंशांच्या पाण्यात स्नायूंचा ताठरपणा सैलावतो. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा भार उरतो. थेरपिस्ट तिला हवेची ट्यूब लावू देत नाही. ही हॅलिविक पद्धत, १९४९ साली लंडनमध्ये जेम्स मॅकमिलन यांनी सुरू केलेली; तोल मुलाने स्वतःच शोधायचा, मोठ्याने फक्त हात द्यायचा. पहिला धडा पाण्यावर फुंकर मारण्याचा. ती फुंकत राहते आणि दहाएक मिनिटांनी घट्ट आवळलेली डावी मूठ उघडते. मी दर वेळी त्या मुठीकडेच बघत बसते.

मेंदूला झालेली इजा पाण्याने भरून येत नाही, जमिनीवरचे व्यायाम सुटत नाहीत, फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही. हे ताईला पाठ आहे. काकांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचं नाव आहे हेही ठाऊक नसावं.

यात परदेशी काय आहे? कठडा, जाणता माणूस आणि कोमट पाणी. त्यातलं पाणी तर ठाण्याचा मे महिना फुकटात तापवतो. आम्ही इथे त्याचंच बिल भरतो.

ताईने काल दुपारी तीनला थर्मामीटर बुडवला. ३१. दोन अंश कमी, म्हणून थेरपिस्ट म्हणाल्या, अर्ध्या तासाऐवजी वीस मिनिटं करू. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय. काकांनी पाहिलाय, उत्तर नाही.