डाव्या बाजूच्या टाक्याबाबत रुग्णालयातर्फे उत्तर

सप्रेम नमस्कार. मुलाच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत, सूज फक्त उजव्या जांघेत असताना डाव्या बाजूलाही टाका घालून बिल वाढवले, जाळी बसवलीच नाही, आणि खरे तर पट्ट्यानेच भागले असते, असे आपण लिहिले आहे. रुग्णाचे कागद चारचौघांत उघडणे योग्य नसल्याने आपण स्वतः मांडलेल्या मुद्द्यांपुरतेच लिहितो.

गर्भात अंडकोष पोटातून जांघेमार्गे खाली उतरतो, तेव्हा पोटाच्या आतल्या आवरणाची नळीही सोबत उतरते. ती पुढे मिटली नाही, तर रडताना-कुंथताना आतडे तीत शिरते; हाच मुलांचा जांघेतला हर्निया. मोठ्या माणसांत स्नायूंची भिंतच सैल पडलेली असते म्हणून जाळी लागते. मुलांत नळीचे तोंड बांधले की पुरते.

बेंबीतून घातलेल्या ५ मिलिमीटरच्या दुर्बिणीतून दोन्ही बाजूंची तोंडे दिसतात. जांघेत छेद घेऊन होणारी शस्त्रक्रियाही भरवशाचीच आहे, पण तीत दुसरी बाजू सहसा दिसत नाही. उघड्या दिसलेल्या प्रत्येक तोंडातून पुढे हर्निया होतोच असे नाही, त्यामुळे ते बांधावे की नाही यावर शल्यचिकित्सकांत मतभेद आहेत. म्हणूनच तसे आढळल्यास काय करायचे, हे आम्ही पालकांना आधीच विचारतो आणि त्यांचा निर्णय संमतिपत्रात नोंदवून त्याखाली सही घेतो. मुलाला पुन्हा भूल द्यावी लागू नये, एवढाच त्यामागे हेतू असतो. दुसऱ्या टाक्याचे वेगळे शुल्क आम्ही लावत नाही.

पट्ट्याने नळी मिटत नाही. बेंबीचा हर्निया बहुधा आपोआप बरा होतो आणि श्रेय मात्र वर बांधलेल्या नाण्याला मिळते. जांघेतला तसा बरा होत नाही. वर्षाखालच्या बाळांत आतडे अडकण्याचा धोका सर्वाधिक असतो. सूज कडक होऊन आत जाईनाशी झाली आणि बाळ हिरवी उलटी करू लागले, तर हाती थोडेच तास उरतात, आणि खाडीपलीकडच्या गावातून भर पावसात रात्री रत्नागिरी गाठायला किती वेळ लागतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

शस्त्रक्रियेचे चित्रीकरण आणि संमतिपत्राची प्रत आपल्याला विनाशुल्क मिळेल; ती दुसऱ्या बालशल्यचिकित्सकांना अवश्य दाखवावी.