खाली गुंतवळ, वर शांतता

भरतकामाचं मशीन विकणारा दुकानदार पडद्यावर गुलाबाचं फूल निवडतो, हिरवं बटण दाबतो आणि हात मागे बांधून उभा राहतो. सुई आपली आपण नाचते, फ्रेम आपली आपण सरकते आणि पाहता पाहता पाकळी उमलते. "बघा वहिनी, आता तुम्ही खुशाल चहा घ्या," असं तो म्हणतो. यात खोटं काही नाही. चहा ओतून घेईपर्यंत मशीन खरोखरच चालतं. पहिला घोट घेतला की आतून 'धप धप' असा आवाज येतो, आणि पुढचा चहा मी आजवर गार झाल्याशिवाय प्यायलेली नाही.

आमच्या घरी हिशेब मिस्टर करतात. बँकेतून निवृत्त झाले असले तरी हिशेब निवृत्त झालेला नाही. घरगुती मशीन मिनिटाला साधारण ४०० ते ७०० टाके घालतं. आपण ५०० धरू. २०,००० टाक्यांचं डिझाइन असेल तर ४० मिनिटं. म्हणजे जेवणाआधी एक आणि वामकुक्षीनंतर दोन. त्यांच्या या गणितात धागा तुटत नाही, खालच्या धाग्याची गुंडी, म्हणजे बॉबिन, संपत नाही, सात रंगांसाठी सात वेळा सुई ओवावी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे गोव्यातल्या आमच्या फोंड्यात लाईट जात नाही.

अशा या मशीनवर नणंदेच्या मुलीचा अंतरपाट करायचं ठरलं. पूर्वी अंतरपाट म्हणजे पांढरं कापड आणि त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. पाच-सात मिनिटं धरायचा, मंगलाष्टकं संपली की बाजूला ओढायचा. आता त्याचेही फोटो निघतात. त्यामुळे मोतिया रंगाचं सिल्क, कोपऱ्यांत कलश, मधोमध केशरी स्वस्तिक, वर 'शुभमंगल सावधान' आणि खाली जरीत दोघांची नावं, असा बेत झाला. मुहूर्त आषाढी एकादशीच्या आतला, म्हणजे भर पावसातला. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आमच्या शिवणाच्या खोलीच्या खिडकीवर पडतो.

पहिली अडचण मशीनची नव्हतीच, लिपीची होती. मशीनच्या पोटात अक्षरांचे वळणदार नमुने ढीगभर, पण सगळे रोमन. देवनागरी हवी तर संगणकावर डिझाइन करून पेनड्राइव्हवरून भरवायचं. ते काम भाच्याने केलं. इंजिनिअरिंगला आहे, सगळं पद्धतशीर करतो. त्याने आधी सगळी अक्षरं आणि सगळ्यात शेवटी एकच लांब शिरोरेघ, अशी योजना केली. कागदावर ती सुंदर होती. पण टाका पडला की कापड त्या टाक्याकडे थोडं ओढलं जातं. हजारो टाक्यांनंतर अक्षरं आपल्या जागेवरून किंचित खाली आणि आत सरकलेली असतात. मशीनला त्याचं काय! त्याने ठरल्या जागी रेघ ओढली. परिणामी 'शुभमंगल' खाली, रेघ वर आणि दोघांच्या मधून मोतिया सिल्क. काना तर कशालाही न टेकता नुसताच उभा.

कापडाखाली जाड पेपर लावला, फ्रेममध्ये दोन्ही एकत्र ताठ बसवले आणि प्रत्येक शब्दाची शिरोरेघ त्या शब्दाबरोबरच घ्यायची, असं भाच्याकडून बदलून घेतलं. मग 'शुभमंगल' सरळ आलं. 'सावधान'च्या 'सा'वर मात्र मशीन थांबलं. पडद्यावर सूचना आली : वरचा धागा तपासा आणि पुन्हा ओवा.

फ्रेम निघेना. खालून हात घातला तर कापड आणि सुईखालची पत्री यांच्यामध्ये धाग्याची ही एवढी गुंतवळ. कात्रीच्या टोकाने एकेक धागा कापत, सिल्कला धक्का न लावता ती सोडवायची. मोठं कष्टाचं काम, आणि बघायला सगळं घर जमतं.

बघणाऱ्यांचं एकमत लगेच झालं : बॉबिनचा दोष. मिस्टर म्हणाले बॉबिन. शेजारच्या वहिनी वाटीभर खतखतं द्यायला आल्या होत्या, त्या वाटी हातात धरूनच म्हणाल्या, "बॉबिन बघ गो." फोनवर नणंद म्हणाली बॉबिन. गुंतवळ खाली झालेली, बॉबिनही खालीच राहते, मग दुसरं कोण असणार?

मी मात्र ठाम होते. पावसात खालच्या मजल्याचं छत गळतं तेव्हा दोष वरच्या मजल्यावरच्या मोरीत असतो, तसंच हे. एलियस हाव यांनी १८४६ मध्ये ज्या टाक्याचं पेटंट घेतलं, तोच दोन धाग्यांचा टाका आजही बहुतेक घरगुती मशीनं घालतात. सुई वरचा धागा घेऊन खाली जाते, वर येताना त्या धाग्याचा छोटा फासा तयार होतो, हुकाचं टोक तो फासा पकडून बॉबिनभोवती फिरवून आणतं, आणि मग वरची दांडी उरलेला धागा परत वर खेचून घेते. हे खेचणं जमायला वरच्या धाग्याला ताण हवा. तो ताण धरतात टेन्शनच्या दोन चकत्या. धागा चकत्यांच्या मधे नीट बसलेला नसेल, तर हुक बिचारा धागा मागतच राहतो, वरून सैल धागा येतच राहतो आणि परत कोणी खेचत नाही. तो सगळा खाली साठतो. वर टाका काही काळ व्यवस्थितच दिसतो, हा त्यातला खरा लबाडपणा.

पुराव्याशिवाय मिस्टर काही मान्य करत नाहीत. मी गुंतवळ त्यांच्या हातात ठेवली. बॉबिनमध्ये पांढरा धागा होता. गुंतवळ आख्खी केशरी होती. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "तरी एकदा बॉबिन बघून घे."

सासूबाईंचं मत वेगळंच. त्यांचं काळं, लोखंडी पायमशीन सोप्यावर आहे. त्यावर त्यांनी नऊवार्‍यांच्या कडा, नातवंडांची झबली आणि एकदा रागाच्या भरात सासऱ्यांच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या शिवून बंद केल्या आहेत. "आमच्या मशिनीला तेल घातलं की चालायची," असं त्या दर बिघाडाला म्हणतात. आमच्या मशीनच्या पुस्तिकेत लिहिलंय की घरच्या घरी तेल घालू नये. हे ऐकल्यापासून त्यांच्या मनातून ते मशीन उतरलं आहे. पण कान त्यांचे असे की विचारू नका! गुंतवळ सुरू होताना टाक्याचा आवाज आधी जड होतो. मशीनचा सेन्सर जागा होईपर्यंत खाली पंचवीस-तीस वळसे पडलेले असतात. सासूबाई सोप्यावरून फणसाच्या आठळ्या सोलता सोलता ओरडतात, "अगो, बंद कर ती!" आणि मी बंद करते. आजवर त्यांचा अंदाज चुकलेला नाही. मशीनच्या किमतीत असा सेन्सर मिळत नाही.

मी सगळी रीत पाळली. कापड दाबून धरणारी दाबपट्टी वर करून ओवलं, कारण पट्टी वर असतानाच चकत्या उघडतात; खाली असेल तर धागा त्यांच्यावरून नुसता घसरतो. सुई नवीन घातली, ७५/११ नंबरची, चपटी बाजू मागे. रिळाच्या तोंडाची टोपी बदलली, कारण मापाची नसेल तर रिळाच्या खाचेत धागा अडकून तुटतो. हुकाजवळचा बोळा ब्रशने काढला. पावसाळ्यात हा बोळा दमट होऊन नमद्यासारखा बसतो, फुंकर मारली तर आणखी आत जातो. रेयॉनचा धागा ओलसर झाला की कमजोर पडतो, म्हणून रिळं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली. तो डबा चकल्यांचा. आता चकल्या पिशवीत असतात आणि मऊ पडतात, ती वेगळी तक्रार.

एवढं होऊनही कधी दोन कलश निर्विघ्न, तर कधी तिसऱ्या टाक्याला गुंतवळ. दुकानात फोन केला. तिथल्या मुलीने मशीन बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. मशीन बंदच होतं, लाईट गेली होती.

शेवटी बाजारातल्या जुन्या मेकॅनिकमामांना बोलावलं. पायमशीनं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पडद्याच्या मशीनकडे ते जरा संशयानेच बघतात. त्यांनी चहा घेतला, सासूबाईंच्या मशिनीला तेल घातलं, तिची चौकशी केली आणि मग माझ्याकडे वळले. सुईखालच्या पत्रीवरून नख फिरवलं. भोकाच्या कडेला बारीक ओरखडा लागला. सुई मोडताना आपटते तेव्हा हे होतं, आणि मग तिथे धागा करवतल्यासारखा झिजतो. बारीक पॉलिश पेपरने ती कड त्यांनी गुळगुळीत केली. मग दाबपट्टी वर करून मलमलीची पट्टी टेन्शनच्या चकत्यांमधून अलगद ओढली. पट्टीबरोबर बाहेर आला केशरी बोळा आणि नखाएवढा धाग्याचा तुकडा. तो तुकडा आत बसला की चकत्या पुऱ्या मिटत नाहीत. हलला की मिटतात. म्हणूनच कधी दोन कलश, कधी तीन टाके.

मामांनी तुकडा तळहातावर घेतला आणि विचारलं, "धागो कोण काडटा?"

रंग बदलायचं काम मिस्टरांकडे होतं. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

धागा काढायची रीत अशी, की तो रिळाजवळ कापायचा आणि सुईच्या बाजूने पुढे ओढून घ्यायचा. यात दर वेळी हातभर धागा वाया जातो. हे मिस्टरांना बघवेना. ते सुईजवळ कापून उरलेला धागा मागे ओढत आणि रिळावर परत गुंडाळत. उलट्या दिशेने येताना धागा तंतू सोडतो, चकत्यांत बोळा ढकलतो, एखादा तुकडा तिथेच ठेवून जातो. "सात रंग, दर रंगाला हातभर," त्यांनी मामांना समजावलं, "वर्षाचं किती होतं बघा!" मामा म्हणाले, "तूं म्हाका आपयता, ताचेय पयशे जातात मरे." म्हणजे, मला बोलावतोस त्याचेही पैसे जातातच की!

मग नावं उरली, ती जरीत. जरीचा धागा चपटा, आडमुठा. वळसे घालत येतो आणि सुईच्या नाकात शिरायच्या आधीच पीळ खाऊन तुटतो. त्याला मोठ्या नाकाची ९०/१४ सुई लागते, ताण सैल, वेग मंद. शिवाय रीळ मशीनवर न ठेवता दूर ठेवावं, म्हणजे वाटेत पीळ सुटतो. मी ते पितळेच्या तांब्यात घालून जमिनीवर ठेवलं. मिस्टरांना शेजारी बसवलं, तांब्या राखायला. त्यांच्या मांडीवर संगणकाचा जुना यूपीएस. लाईट गेली की तो कुई कुई करायचा आणि ते मला ऐकू आलं नसेल असं समजून "लाईट गेली" म्हणून सांगायचे. सासूबाई सोप्यावर कान देऊन. भाचा फोनवर. एका अंतरपाटाला एवढी माणसं लग्नातसुद्धा धरायला लागत नाहीत.

लग्नात अंतरपाट झकास दिसला. नवऱ्या मुलाच्या नावातली वेलांटी किंचित जाड आली होती, पण त्या बाजूला नवरी उभी होती आणि तिला काय कमी बघायचं होतं! पंगतीत नणंदेच्या दिरांनी विचारलं, गावच्या देवीच्या पालखीला मखमलीचं छत हवंय, सगळं काम जरीचं, जमेल का?

मखमलीची लव टाका गिळते, म्हणून तिच्यावर पाण्यात विरघळणारा पातळ कागद पसरावा लागतो. हा कागद आमच्या पावसात पाणी लागायची वाट न बघता हवेतच चिकट होतो. त्यात जरी. त्यात छताएवढं कापड, माझी फ्रेम वीतभर. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर मिस्टरांनी आगाऊ रक्कम मोजून खिशात घातली होती आणि पत्रिकेच्या पाकिटाच्या मागे पावती लिहीत होते.