ग्रीसवरचा खर्च कसा वाचवावा

विमान कंपनी काढली आहे आणि सुरक्षेचे नियम परवडत नाहीत? मग बचतीची सुरुवात ग्रीसपासून करा.

एमडी-80 जातीच्या विमानाच्या शेपटीत एक लांब पोलादी स्क्रू असतो. तो ॲल्युमिनियम-ब्राँझच्या नटातून फिरला की शेपटीचा आडवा पंख वर-खाली होतो. नट मऊ, स्क्रू कडक, म्हणजे ग्रीस आटलं की नटाचेच आटे झिजणार. रीत अशी: ग्रीस गन लावून नटाच्या वरून ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबायचं, ब्रशने अख्ख्या स्क्रूला फासायचं आणि पंख पूर्ण फिरवून घ्यायचा. उत्पादकाच्या मते हे चारेक तासांचं काम. त्यातून आत पोचायचं झाकण इतकं लहान की हात आत गेला की पुढचं काही दिसत नाही. दिसतच नसेल तर चार तास कशाला? तासाभरात उरकणारा मेकॅनिक ठेवा.

मुदत मात्र एकदम वाढवू नका, नजरेत येतं. अलास्का एअरलाइन्सचा कित्ता गिरवा. 1987 मध्ये दर 700 उड्डाण-तासांनी ग्रीस. मग 1,000, 1,200, 1,600. 1996 मध्ये तासच काढून टाकले आणि ‘दर आठ महिन्यांनी’ असं लिहिलं, म्हणजे सुमारे 2,550 तास. आजवर कुठे काय झालं, हा पुरावा दर वेळी चालतो. नियामकानेही मान डोलावली.

नटाचा प्ले, म्हणजे झिजेमुळे स्क्रूवर आलेला सैलपणा, मोजताना मर्यादा 0.040 इंच, जेमतेम एक मिलिमीटर. सप्टेंबर 1997 मध्ये एका विमानात नेमका 0.040 भरला. नट बदलायचं ठरलंही होतं. घाबरू नका, पुढच्या पाळीकडून पुन्हा मोजून घ्या. 0.033 आला, विमान सेवेत! पुढची मोजणी 30 महिन्यांनी, म्हणजे मार्च 2000 मध्ये.

विमानाला तेवढा धीर निघाला नाही. 31 जानेवारी 2000 रोजी ते कॅलिफोर्नियाजवळ पॅसिफिकमध्ये कोसळलं, 88 जण गेले. नटाचे आटे तुटून तारांसारखे स्क्रूला गुंडाळलेले सापडले. स्क्रूच्या चालत्या भागावर ग्रीसचा मागमूस नव्हता.

आणि नियामकाने काय करावं? ग्रीस दर 650 तासांनी! 1987 पेक्षाही कमी. तेरा वर्षांची काटकसर अक्षरशः पाण्यात. हरकत जरूर नोंदवा. सोबत जादा मेकॅनिकांच्या पगाराचा तक्ता जोडायला विसरू नका.